घरातली कॉफी मशीन : आत उरते त्याचे काय?

मुखेड, देगलूर, उदगीर, अहमदपूर या पट्ट्यात ‘एस्प्रेसो’ म्हटले की बहुतेकांना लग्नाचा मांडव आठवतो. पंगतीपासून थोडे बाजूला ठेवलेले स्टीलचे चकचकीत यंत्र, त्याचा ‘फुर्रर्र’ आवाज, कागदी कपातला फेस आणि त्यावर भुरभुरलेली चॉकलेटची पूड. खरे तर ही इटलीची एस्प्रेसो नव्हे. दूध, साखर आणि झटपट विरघळणारी कॉफी एकत्र करून त्यात वाफ सोडली, की आपली ‘एस्प्रेसो’ तयार होते. वाफेच्या जोरावर कॉफी करणाऱ्या यंत्राचे पेटंट तुरीन शहरातल्या अँजेलो मोरिओन्डो याने १८८४ मध्ये घेतले होते. तिथून मांडवापर्यंत यायला या वाफेला बरीच वर्षे लागली.

आता हे यंत्र घरातही येऊ लागले आहे. पुण्या-हैदराबादला नोकरी करणारी मुले दिवाळीला येताना आईवडिलांसाठी छोटी मशीन घेऊन येतात. पहिले आठ दिवस कौतुकाचे जातात. नंतर ओट्याच्या कोपऱ्यात मशीन उभी राहते. बाहेरून पुसली जाते, पण तिच्या आत काय उरते याकडे कुणाचे लक्ष नसते. आरोग्याचा प्रश्न तिथेच सुरू होतो. कॉफी पिऊन झाल्यावर आत तीन गोष्टी उरतात : क्षार, दूध आणि वाफ. तिघांची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते.

उरलेला क्षार

मराठवाड्यातले बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड असते. दगडाच्या भेगांतून मुरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळते. असे पाणी तापले की त्यातला कॅल्शियम बायकार्बोनेट मोडतो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो. पाणी तापवायच्या पातेल्यात आणि गिझरच्या कॉइलवर दिसणारा थर तोच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला जातो. पातेल्याचा थर घासून निघतो. मशीनच्या आतल्या बारीक नळ्यांत हात जात नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. पातेल्यातला थर पाहून ‘असाच खडा पोटात होतो’ असे अनेकांना वाटते. भांड्यातला थर कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, तर बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. जड पाण्याने आरोग्य बिघडते असा ठोस पुरावा जागतिक आरोग्य संघटनेलाही आढळलेला नाही. मुतखड्याचे आपल्याकडचे मोठे कारण म्हणजे उन्हातान्हात राबूनही पाणी कमी पिणे.

मशीनला मात्र हा क्षार बाधतो. थर बसला की पाणी तापायला वेळ लागतो, धार बारीक होते, आवाज वाढतो. जास्त वाईट म्हणजे दाब बाहेर सोडणारी सुरक्षा झडप थरामुळे अडकू शकते.

उपाय साधा आहे. मशीनमध्ये थेट बोअरचे पाणी घालू नये. आरओचे पाणी घ्यावे, किंवा बोअरचे पाणी दहा मिनिटे उकळून, निवू देऊन, वरचे निवळ पाणी फडक्यातून गाळून वापरावे. उकळल्याने जडपणाचा काही भाग तळाशी बसतो. फ्लोराइड मात्र उकळून जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे. तिथे प्यायचे पाणी तपासलेल्या स्रोताचेच हवे, मग ते कॉफीचे असो की चहाचे.

थर काढायला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, पुरते. एक लिटर कोमट पाण्यात साधारण २० ते ३० ग्रॅम विरघळवून ते मशीनमधून फिरवावे. आधी माहितीपुस्तिका वाचावी, कारण ॲल्युमिनियमच्या भागांना काही आम्ले सोसत नाहीत. संडास-बाथरूम धुण्याचे ॲसिड कधीही वापरू नये. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो.

साफ केल्यावर दोन-तीन टाक्या भरून साधे पाणी मशीनमधून सोडावे आणि ते ओतून द्यावे. याला कारण आहे. अन्नातल्या धोक्यांचे मूल्यमापन करणाऱ्या जर्मनीच्या सरकारी संस्थेने कॉफी मशीन तपासल्या, तेव्हा काही एस्प्रेसो मशीनमधून थर काढल्यानंतर शिसे पाण्यात उतरल्याचे दिसले. पितळी भागांत शिसे असू शकते आणि आम्लाने ते सुटते. शिशाची पूर्णपणे निर्धोक अशी पातळी कोणतीच नाही, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सर्वाधिक धोका असतो.

उरलेले दूध

फेस आणणारी नळी ही मशीनमधली सर्वांत दुर्लक्षित जागा. दुधात बुडालेली नळी गरम असते, त्यामुळे दुधातली प्रथिने तिच्यावर भाजून चिकटतात. वाफ बंद केली की नळी निवते, आतली उरलेली वाफ आकसते आणि थोडे दूध वर ओढले जाते. हे दूध बाहेरून दिसत नाही. मे महिन्यात ४२-४३ अंश तापमान असताना ते दिवसभर तिथेच राहते आणि संध्याकाळच्या कपात उतरते.

म्हणून फेस आणण्याआधी एकदा आणि दूध झाल्यावर लगेच एकदा, दोन-तीन सेकंद नुसती वाफ सोडावी. मग ओल्या फडक्याने नळी पुसावी. ते फडके वेगळे ठेवावे आणि रोज धुवावे. टोकाचा भाग निघत असेल तर आठवड्यातून एकदा काढून गरम पाण्यात भिजवावा.

दुधाबद्दल आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. अनेक घरांत दूध गवळ्याकडून सुटे येते. मशीनमध्ये दूध ‘गरम झाले’ म्हणजे ते उकळले, असे समजू नये. चांगला फेस ६०-६५ अंशांवर येतो आणि ते तापमान काही सेकंदच टिकते. पाश्चरीकरणासाठी दूध ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटे ठेवावे लागते. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखा आजार होऊ शकतो : आठवडेच्या आठवडे येणारा-जाणारा ताप, घाम, कंबर आणि सांधे धरणे. गुरांच्या टीबीचे जंतूही कच्च्या दुधातून येऊ शकतात. सुटे दूध आधी चुलीवर किंवा गॅसवर नीट उकळावे, गार करून फ्रिजमध्ये ठेवावे आणि मगच मशीनखाली धरावे. गार दुधाला फेसही अधिक चांगला येतो.

कॉफीचा ओला चोथाही तसाच ठेवू नये. त्यावर बुरशी धरते. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये कॉफी मशीनखालचा सांडपाण्याचा ट्रे तपासला. कॅफीन जंतूंना मारक असूनही त्या ट्रेमध्ये अनेक प्रकारचे जिवाणू सुखाने वाढत होते. हे जिवाणू ट्रेमधले होते, कपातले नव्हते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. मात्र घरात वृद्ध, मधुमेही किंवा कॅन्सरचे उपचार घेणारे कुणी असेल तर ट्रे रोज साबणाने धुऊन कोरडा करावा. टाकीत कालचे शिळे पाणी ठेवू नये.

उरलेली वाफ

कुकर सगळ्यांच्या परिचयाचा आहे. त्यात बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे एक बार जास्त दाब असतो. पंप असलेली एस्प्रेसो मशीन कॉफीच्या पुडीतून सुमारे ९ बार दाबाने पाणी ढकलते, पण पंप थांबला की तो दाब उतरतो. स्वस्त, बिनपंपाच्या मशीनची गोष्ट निराळी. तिथे बंद टाकीत पाणी उकळते आणि त्याचीच वाफ पाण्याला ढकलते. बटण बंद केल्यावरही दाब आत राहतो. ‘अजून एक कप करू’ म्हणून कुणी लगेच वरचे झाकण फिरवले, तर उकळते पाणी आणि वाफ थेट तोंडावर येते. आधी वाफेची कळ उघडून सगळी वाफ जाऊ द्यावी, मशीन निवू द्यावी, मगच झाकणाला हात लावावा. कुकरची शिट्टी न उचलता आपण झाकण काढत नाही, तसेच हे.

वाफेचे पोळणे उकळत्या पाण्यापेक्षा खोल जाऊ शकते. कातडीवर वाफेचे पाणी होताना दर ग्रॅमला सुमारे ५४० कॅलरी उष्णता सुटते. तेवढेच उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना जेमतेम ६३ कॅलरी देते.

पोळल्यास अंगठी, बांगड्या, घड्याळ लगेच काढावे. पोळलेला भाग नळाच्या साध्या पाण्याखाली पूर्ण २० मिनिटे धरावा. घड्याळ लावूनच धरावा, कारण २० मिनिटे फार लांब वाटतात. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप, शाई यांतले काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखान्यात जावे. चेहरा, हात, सांधे किंवा जननेंद्रिये पोळली असतील, जखम रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

विजेचेही भान हवे. पाणी आणि तापणारी कॉइल एकाच डब्यात असते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात जुळवून बसवू नये आणि घराचे अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्यावे. वायर ओट्यावरून खाली लोंबकळू देऊ नये. रांगते मूल पहिल्यांदा तीच ओढते.

हे सगळे ऐकून मशीन नकोच, असे वाटण्याची गरज नाही. रोजचे काम पाच मिनिटांचे आहे : शिळे पाणी ओतणे, नळीतून वाफ सोडून ती पुसणे, चोथा टाकणे, ट्रे धुणे. आठवड्याला टोक भिजवणे आणि धार बारीक होऊ लागली की लिंबूसत्त्व फिरवणे. हे काम घरात कुणा एकाच्या अंगावर पडू नये. मशीन आणणाऱ्या मुलाने किंवा मुलीने दिवाळीच्या सुट्टीत, परत जाण्याआधी, एकदा ते आईवडिलांसमोर करून दाखवावे आणि मग त्यांच्याकडून करून घ्यावे. वाफ कशी सोडायची आणि झाकण कधी उघडायचे, हे सगळ्यांत आधी.