खडे काढा, दाणे राहू द्या

मुखपृष्ठासाठी आलेला गुरूचा फोटो बघून संपादकांना शंका आली. दुर्बीण आठ इंची, जागा शहरातली गच्ची, आणि फोटोत मात्र पट्टे, पट्ट्यांच्या कडेची वळणं, तांबडा डाग, सगळं लख्ख. "हे असंच दिसतं, की कुणी रंगवलंय? जरा चौकशी करा आणि लिहा," असं म्हणून त्यांनी विषय माझ्याकडे सरकवला.

चौकशीअंती कळलं ते असं. दुर्बिणीला डोळा लावला तर गुरू इतका स्पष्ट दिसत नाही, पण फोटो कुणी रंगवलेलाही नाही. मुळात तो एक फोटो नाहीच. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या हजारो फ्रेम्समधून चांगल्या निवडायच्या, त्या एकमेकींवर अचूक बसवून त्यांची सरासरी काढायची आणि मग धार लावायची, अशी ही रीत आहे. तिला स्टॅकिंग म्हणतात. स्टॅकिंगचं आणि धार लावण्याचं कौतुक सगळे करतात. मी मात्र रेंगाळलो तो त्याच्या आधीच्या पायरीवर. व्हिडिओ स्टॅकिंगयोग्य करून देणारं एक साधंसं सॉफ्टवेअर आहे. त्याचं पूर्ण नाव 'प्लॅनेटरी इमेजिंग प्रीप्रोसेसर', आणि वापरणारे त्याला नुसतं 'पिप' म्हणतात.

आधी इतिहास, थोडक्यात. ग्रहाचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचताना हवेच्या गरम-थंड थरांतून वेडावाकडा होतो आणि प्रतिमा सतत लवलवते. मात्र अधूनमधून क्षणभर हवा स्थिरावते आणि तेवढ्या वेळापुरती प्रतिमा स्वच्छ होते. असा क्षण हाती लागण्याची शक्यता किती, याचं गणित डेव्हिड फ्रीड या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये मांडलं. त्याच्या सूत्रात आठ इंची दुर्बीण घालून बघा. हवा बरी असेल तर साधारण नऊ फ्रेम्समध्ये एक उत्तम मिळते. हवा जराशी बिघडली की हे प्रमाण १८० मध्ये एकवर घसरतं. गंमत अशी की दुर्बीण मोठी घेतली तर नशीब आणखी रुसतं. त्याच बऱ्या हवेत १४ इंची दुर्बिणीला तितकीच निर्दोष फ्रेम सुमारे २७ हजारांत एकदा मिळते. मोठी दुर्बीण तपशील जास्त दाखवते हे खरंच, पण तिची पुरती ताकद वापरू देणारा क्षण तितकाच दुर्मीळ असतो.

फिल्मच्या काळात हे गणित कागदावरच राहिलं, कारण इतके फोटो काढणार कोण? मग घरगुती वेबकॅम आले. फिलिप्सचा टूकॅम प्रो दुर्बिणीला लावून हौशी मंडळींनी ग्रहांचे व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. फ्रेम्स निवडून जुळवायला कॉर बेरेव्होएट्स या डच माणसाचं 'रेजिस्टॅक्स' आलं आणि पुढे एमिल क्राइकॅम्प या दुसऱ्या डच माणसाचं 'ऑटोस्टॅकर्ट'. आज सेकंदाला शंभर फ्रेम्स टिपणारे छोटे कॅमेरे हौशी लोकांच्या आवाक्यात आले आहेत. अडचण फ्रेम्स मिळवण्याची राहिली नाही. मिळालेल्या फ्रेम्स सांभाळण्याची झाली.

ती अडचण किती मोठी, हे एका उदाहरणाने कळेल. आठ इंची दुर्बीण, तिची नाभीय लांबी १२०० मिलिमीटर, पुढे दुप्पट मोठं करणारं बार्लो भिंग, आणि १९२० बाय १०८० पिक्सेलचा कॅमेरा, प्रत्येक पिक्सेल २.९ मायक्रॉनचा. पृथ्वीजवळ असताना गुरूची चकती सुमारे ४५ विकलांची (आर्कसेकंदांची) असते. या जोडणीत ती सेन्सरवर जेमतेम १८० पिक्सेल रुंद पडते. म्हणजे फ्रेमचा सव्वा टक्का भाग गुरू आणि उरलेलं काळं आकाश. शंभराच्या वेगाने दोन मिनिटं टिपलं की १२ हजार फ्रेम्स होतात आणि फाइल जवळजवळ २५ गिगाबाइटची. त्यातले साडेचोवीस गिगाबाइट काळोखाचे! आणि वेळ वाढवायची सोयही नाही. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो. चकतीच्या मधोमध असलेला डाग दोन मिनिटांत जवळजवळ अर्धा विकला सरकतो, आणि आठ इंची दुर्बिणीची तपशील वेगळे करण्याची मर्यादाही त्याच्याच आसपास आहे. त्याहून लांबवलं तर गुरू स्वतःच स्वतःला पुसतो.

क्रिस गॅरी यांनी लिहिलेलं पिप इथे कामाला येतं. ते विंडोजवर चालतं आणि फुकट मिळतं. दिसायला ते अगदीच रूक्ष आहे. वर टॅबची रांग, खाली चौकोनात खुणा करायच्या शंभर गोष्टी. सुदैवाने ग्रह, पूर्ण चंद्र किंवा सूर्य, त्यांचा जवळून घेतलेला भाग, अंतराळ स्थानक अशी विषयाची निवड सुरुवातीलाच केली की बहुतेक खुणा आपोआप होतात. एका मित्राची फाइल घेऊन मी ते चालवून बघितलं. मूळ व्हिडिओत गुरू एका कडेकडून दुसरीकडे वाहत होता, वाऱ्याच्या झुळकेसरशी दचकत होता, दोनदा तर अर्धा चौकटीबाहेर गेला होता. पिपने दिलेल्या व्हिडिओत गुरू मधोमध खिळून उभा. आता हलत होतं ते बाकीचं सगळं. सेन्सरवरच्या धुळीचा एक पुसट ठिपका गुरूच्या चकतीवरून चालत गेला आणि पलीकडे उतरला. तो तिथे आहे हे मूळ फाइल बघताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

हे होतं कसं, ते सांगायला सोपं आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममध्ये ठरावीक उजेडाच्या वरचे पिक्सेल शोधतं. त्यांचा पुरेसा मोठा पुंजका सापडला की तो ग्रह. त्याचा मध्य काढायचा, त्याच्याभोवती, समजा, ३०० बाय ३०० पिक्सेलचा चौकोन कापायचा आणि पुढच्या फ्रेमकडे वळायचं. पुंजका चौकटीच्या कडेला टेकला असेल तर ग्रह कापला गेलाय असं समजून ती फ्रेम बाद. पुंजका सापडलाच नाही, म्हणजे ढग आला किंवा ग्रह निसटला, तरीही बाद. या कापाकापीनंतर आपली २५ गिगाबाइटची फाइल एक गिगाबाइटच्या घरात येते. पिक्सेलच्या अंशापर्यंतची सूक्ष्म जुळवणी आणि गुरूच्या वेगवेगळ्या भागांची लवलव निस्तरणं हे पुढच्या सॉफ्टवेअरचं काम. पिप तिथे हात घालत नाही.

ज्यांच्याकडे ग्रहामागे आपोआप फिरणारं महागडं आसन आहे, त्यांना ही सोय वाटेल. साध्या, हाताने फिरवायच्या डॉब्सोनियन दुर्बीणवाल्यांना मात्र तिच्यावाचून गत्यंतर नाही. आपल्याकडे पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेतल्या कार्यशाळांमध्ये आणि हौशी मंडळांमध्ये अनेकांनी स्वतः आरसा घासून अशा दुर्बिणी बनवल्या आहेत. त्यांना मोटर नसते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश सेकंदाला सुमारे पंधरा विकला सरकतं, त्यामुळे वरच्या जोडणीत गुरू अर्ध्या मिनिटात चौकट ओलांडून जातो. मग दुर्बीण हाताने पुढे ढकलायची, ग्रहाला पुन्हा एका कडेने आत येऊ द्यायचं आणि पुन्हा टिपायचं. असे चार-पाच तुकडे पिप एकत्र जोडतं, प्रत्येकात ग्रह मधोमध आणतं आणि अखंड व्हिडिओ हाती देतं. आणि आपला अक्षांशही मदतीला असतो. गुरू मिथुन राशीत असताना पुण्यात तो जवळजवळ डोक्यावरून जातो. तिथे हवेचा थर सर्वांत पातळ. लंडनच्या निरीक्षकाला गुरू धनू राशीत असताना क्षितिजापासून पंधराएक अंशांवर शोधावा लागतो. हाताने ढकलायची दुर्बीण, डोक्यावरचा ग्रह आणि फुकट सॉफ्टवेअर एवढ्यावर जगात दाखवण्याजोगं चित्र निघू शकतं.

इथवर सगळं कौतुकाचं. अडचणी पुढे आहेत.

पहिली अडचण रंगांची. रंगीत कॅमेऱ्याच्या सेन्सरवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असते. कच्च्या व्हिडिओत रंग नसतात. कोणता पिक्सेल कोणत्या गाळणीखाली होता, यावरून ते मागाहून काढले जातात. आता ग्रह मधोमध आणताना चौकोन आडवा आणि उभा एकेक पिक्सेल सरकवला, तर लाल घर निळ्याच्या जागी येतं. तांबडा डाग निळा होतो. त्यातही काही फ्रेम्स सम आणि काही विषम अंतराने सरकल्या, तर सगळ्या रंगांचा चिखल. म्हणून कच्चा व्हिडिओ कापताना नक्षी सांभाळून, दोन-दोन पिक्सेलच्या पावलांनीच सरकावं लागतं. पिपमध्ये तशी सोय आहे, पण ती चालू आहे ना, हे बघणं आपल्याकडे.

दुसरी अडचण फाइलच्या पोटातली. ग्रहांचे व्हिडिओ बहुधा 'एसईआर' या प्रकारात साठवतात. रचना अगदी सरळ आहे. सुरुवातीला १७८ बाइट्सची ओळखपट्टी, मग एकामागून एक फ्रेम्स, कुठलीही दाबादाबी न करता. ओळखपट्टीची पहिली चौदा अक्षरं 'लुकॅम-रेकॉर्डर' ही. ज्या प्रोग्रामसाठी हा प्रकार जन्मला त्याचं नाव आजही प्रत्येक फाइलच्या कपाळावर आहे. याच पट्टीत एक आकडा असतो. दोन बाइट्सच्या पिक्सेलमधला मोठा बाइट आधी की लहान, हे तो सांगतो. सुरुवातीच्या एका प्रोग्रामने या आकड्याचा अर्थ नेमका उलटा लावला, आणि पुढच्यांनी जुन्या फाइली उघडता याव्यात म्हणून तीच चूक चालू ठेवली. आता नियमाप्रमाणे वागणारा प्रोग्रामच चुकीचा ठरतो! चित्राऐवजी पडद्यावर मुंग्या दिसल्या तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी हा आकडा आठवावा.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर, कारण ती मोहाची आहे. पिप फ्रेम्सना गुणही देऊ शकतं. शेजारच्या पिक्सेल्समधला फरक जास्त, तर फ्रेम धारदार, असा साधारण हिशेब. सर्वांत चांगल्या तीन हजार ठेव आणि बाकीच्या टाकून दे, असं सांगितलं की ते निमूट तसं करतं. फाइल आणखी लहान, काम आणखी झटपट. पण कॅमेऱ्याची खरखरही शेजारच्या पिक्सेल्समध्ये फरकच निर्माण करते. उजेड कमी आणि गेन (कॅमेऱ्याने सिग्नलला दिलेली वाढ) जास्त असेल, तर खरखरीत फ्रेम धारदार म्हणून पहिल्या नंबराने पास होऊ शकते. शिवाय हवा सबंध चकतीवर एकसारखी लवलवत नाही. एखाद्या फ्रेममध्ये उत्तरेकडचे पट्टे फिसकटलेले असतात आणि दक्षिणेचा तांबडा डाग मात्र स्वच्छ उतरलेला असतो. ऑटोस्टॅकर्ट चकतीचे लहान लहान भाग पाडून प्रत्येकासाठी वेगळ्या फ्रेम्स निवडू शकतं, आणि खरखरीने फसू नये म्हणून त्याला वेगळी सेटिंगही आहे. पण पिपमध्येच सबंध फ्रेम नापास करून टाकली, तर तो डाग त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. तांदूळ निवडताना आपण खडे काढतो, दाण्यांना गुण देत बसत नाही. पूर्वतयारीचंही तसंच असावं. कापला गेलेला ग्रह, ढगाआडची फ्रेम, काळी फ्रेम हे खडे. बाकी सगळं पुढे जाऊ द्यावं.

टाकून देण्याच्या घाईत काय जाऊ शकतं, याचा दाखला ऑस्ट्रियातला आहे. १७ मार्च २०१६ च्या रात्री गेरिट केर्नबाउअर यांनी २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून गुरूचे व्हिडिओ घेतले. हवा काही खास नव्हती, म्हणून फाइली तशाच पडून राहिल्या. दहाएक दिवसांनी त्यांनी त्या चाळल्या, तेव्हा गुरूच्या कडेला क्षणभर एक ठिपका चमकून गेलेला दिसला. काहीतरी गुरूवर आदळलं होतं. आयर्लंडमधल्या जॉन मॅकिअन यांच्या व्हिडिओतही त्याच वेळी तोच ठिपका होता, म्हणून खात्री पटली. असा चमकारा एक-दोन सेकंदांचा. १२ हजार फ्रेम्समध्ये तो दीडएकशे फ्रेम्सना पुरतो. सरासरीत त्याचा वाटा ऐंशीत एक, म्हणजे तयार चित्रात तो दिसणारच नाही. फ्रेम्स गुणांप्रमाणे लावल्या तर त्यांचा काळाचा क्रम मोडतो आणि चमकारा विस्कटून जातो. एसईआर फाइलच्या शेवटी प्रत्येक फ्रेमची वेळ नोंदलेली असते, फ्रेममागे आठ बाइट्स, सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत. फाइल एव्हीआय या दुसऱ्या व्हिडिओ प्रकारात बदलली की ही नोंदही जाते.

असे आघात शोधण्यासाठी मार्क देलक्रुआ या फ्रेंच हौशी खगोलप्रेमींनी 'डिटेक्ट' नावाचं सॉफ्टवेअर केलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्राझीलच्या जोसे लुइस परेरा यांना गुरूवरचा आघात त्यानेच लक्षात आणून दिला. त्याला हवा असतो सबंध, क्रमवार व्हिडिओ. उत्तम फ्रेम्सचा गुच्छ त्याच्या उपयोगाचा नाही.

एक काळजी राहतेच. या छंदातली बहुतेक अवजारं एकेका माणसाने लिहून लोकांना फुकट दिलेली आहेत. पिपची २.५.९ ही आवृत्ती वर्षानुवर्षं लोक वापरत आले आहेत. कॅमेरे बदलतात, विंडोज बदलतं, पण अवजार सांभाळणारा माणूस एकच असतो. त्याचं मन दुसरीकडे रमलं, तर तक्रार करायला खिडकी नाही. म्हणून या अवजारांवर अवलंबून असलेल्यांनी निदान ती कशी चालतात हे तरी समजून घ्यावं.

आणि गच्चीवर कॅमेरा लावून बसणाऱ्यांना एक विनंती. पिपमधून लहान झालेली नेटकी फाइल हाती आली की मूळ पंचवीस गिगाबाइट लगेच पुसू नका. आधी मूळ फाइल डिटेक्टमधून फिरवा, नव्या फाइलीत वेळेची नोंद शाबूत आहे ना ते बघा, आणि मगच डिस्क रिकामी करा.