जहाज बुडते तेव्हा आधी कोण बुडतो?

आपत्तीवरचे सिनेमे पाहण्याची मला जुनी खोड आहे. घरातली माणसे हसतात. रोजच्या वर्तमानपत्रात पूर, आग आणि अपघात वाचून तुमचे पोट भरत नाही काय, असे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण मी हे सिनेमे उसळत्या लाटा आणि कोसळते मनोरे पाहण्यासाठी पाहत नाही. माझी नजर असते दरवाजावर. संकट आले की एक दरवाजा बंद होतो आणि एक उघडतो. तो कोणासाठी बंद झाला, कोणासाठी उघडला आणि किल्ली कोणाच्या खिशात होती, एवढे पाहिले की सिनेमा काढणाऱ्याचे मन कळते. माझी आवडनिवड याच कसोटीवर ठरलेली आहे.

'टायटॅनिक'पासून सुरुवात करू, कारण तो सर्वांनी पाहिला आहे. जेम्स कॅमेरून यांचा हा १९९७ चा चित्रपट. जॅक आणि रोझ यांच्यासाठी जग रडले. मी रडलो तो दुसऱ्या ठिकाणी. खालच्या मजल्यावर तिसऱ्या वर्गाचे प्रवासी जाळीच्या दारापाशी अडवले जातात आणि शेवटी एक बाकडे उचलून त्या दारावर घालतात, ते दृश्य. हे दार केवळ सिनेमावाल्याच्या कल्पनेतून आलेले नाही. अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यामुळे तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांना रोगराईच्या भीतीपोटी इतरांपासून वेगळे ठेवावे लागे. हा विटाळ आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. फक्त त्याला तिथे आरोग्याचा नियम म्हणत.

१९१२ च्या एप्रिलमधल्या त्या रात्री जहाजावर सुमारे बावीसशे माणसे होती. बचावाच्या नौका वीस. त्यांत जागा ११७८ जणांची. आणि यात कायद्याचा भंग कुठेही झाला नव्हता! नौका किती हव्यात याचा ब्रिटिश नियम जहाजाच्या टनांवर ठरत होता, माणसांच्या संख्येवर नव्हे. त्याची सर्वांत वरची पायरी 'दहा हजार टन आणि पुढे' अशी होती. टायटॅनिक ४६ हजार टनांचे होते. माणूस मोजायचाच नाही असे एकदा ठरले की नियम किती सोपा होतो पाहा. बरे, ज्या नौका होत्या त्याही भरल्या नाहीत. चाळीस जणांच्या एका नौकेत बारा जण बसून निघून गेले. पहिल्या वर्गातले शंभरातले साठहून अधिक वाचले, तिसऱ्या वर्गातले जेमतेम पंचवीस. पुढे ब्रिटनमध्ये चौकशी झाली. तिसऱ्या वर्गाशी भेदभाव झाला नाही असा तिचा निष्कर्ष निघाला. त्या चौकशीपुढे तिसऱ्या वर्गातल्या एकाही प्रवाशाची साक्ष झाली नव्हती. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याला सोडून बाकी सर्वांना विचारायचे, ही पद्धत जगभर सारखीच दिसते. हे सारे सिनेमात नाही, पण ते दार आहे. म्हणून 'टायटॅनिक' मला निम्मा आवडतो.

मुळीच न आवडणारा सिनेमा म्हणजे '२०१२'. रोलँड एमरिक यांनी तो २००९ साली काढला. पृथ्वी आतून तापते, खंड बुडतात. मोठमोठ्या देशांची सरकारे ही बातमी जनतेपासून लपवून चीनमध्ये प्रचंड जहाजे बांधतात. तिकीट माणशी शंभर कोटी युरो. यात राग येण्यासारखे काही नाही, उलट इथपर्यंत सिनेमा प्रामाणिकच आहे. राग येतो तो पुढे. धोक्याचा शोध लावतो सतनाम नावाचा एक भारतीय शास्त्रज्ञ, खोल खाणीत बसून. त्याला आणि त्याच्या कुटुंबाला न्यायला विमान येणार असते. ते येतच नाही. तो बायकोमुलाला जवळ घेऊन लाटेची वाट पाहतो आणि मरतो. ज्याच्या ज्ञानावर बाकीचे जगले, तोच यादीतून गळाला. जहाजे बांधणाऱ्या चिनी मजुरांचाही विषय निघतो. त्यावर एक बडा अधिकारी सांगतो की एवढी कळकळ असेल तर तुमची जागा त्यांना देऊन टाका. झाले. मजुरांचा विषय तिथेच संपला.

शेवटी नायक शास्त्रज्ञ माणुसकीवर मोठे भाषण करतो, सर्वांचे डोळे पाणावतात आणि जहाजाचे दरवाजे उघडतात. टाळ्या! पण वाचकहो, दाराबाहेर उभे होते कोण? ज्यांचे जहाज ऐनवेळी नादुरुस्त झाले, ते तिकीटधारक. म्हणजे माणुसकीचा पाझर फुटला तोही पावती पाहून. आणि सर्वांवर कडी म्हणजे, पाणी ओसरल्यावर कळते की आफ्रिका खंड वर उचलला गेला आहे. मग ही जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघतात. तिथल्या लोकांना विचारले होते काय, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही. असाच दुसरा नावडता म्हणजे 'सॅन अँड्रियास', २०१५ चा. त्यातला नायक अग्निशमन दलाचा वैमानिक आहे. शहर गाडले जात असताना तो सरकारी हेलिकॉप्टर घेऊन स्वतःच्या बायकोमुलीला शोधायला जातो आणि सिनेमा त्याला शूर म्हणतो. आमच्याकडच्या एखाद्या सफाई कामगाराने महापुराच्या दिवशी अर्धा दिवस दांडी मारली असती तर त्याला काय म्हटले असते, ते सांगायला नको.

आता आवडीचे. 'द पोसायडन अॅडव्हेंचर' हा १९७२ चा चित्रपट मी अनेकदा पाहिला आहे. मालकाचा प्रतिनिधी कप्तानाला वेग वाढवायला लावतो आणि नववर्षाच्या रात्री महाकाय लाटेने जहाज चक्क उलटे होते. नाचघराचे छत खाली, फरशी वर. आता वाचायचे तर जहाजाच्या तळाकडे चढत जायचे. बहुतेक पाहुणे जागेवरच थांबतात, कारण अधिकाऱ्याने तसे सांगितलेले असते. मोजकी दहा माणसे निघतात. त्यांचा मार्ग जातो स्वयंपाकघरातून आणि इंजिनघरातून! काल ज्या जागी पाय ठेवणे कमीपणाचे होते तिथूनच आज सुटकेची वाट आहे. दिग्दर्शक रोनाल्ड नीम यांनी असा काही अर्थ मनात धरला होता असा माझा दावा नाही. पण उतरंड उलटी झाली की काय दिसते हे इतक्या थेटपणे दाखवणारे चित्र मला दुसरे आठवत नाही. दोषही सांगतो. आतल्या वाटा ठाऊक असलेला, जखमी पायाने बरोबर निघालेला वेटर या दहांतला पहिला बळी आहे. सवय सुटत नाही, दुसरे काय.

हिंदीत या जातीचे सिनेमे थोडे. 'द बर्निंग ट्रेन' (१९८०) मध्ये नट इतके की डबे कमी पडावेत. पण त्यात सगळा दोष एका मत्सरी माणसावर टाकून रेल्वेचे खाते मोकळे होते. त्यापेक्षा यश चोप्रा यांचा 'काला पत्थर' (१९७९) कितीतरी वरचा. त्यामागे चासनालाची खाण आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या या खाणीत जुन्या, बंद पडलेल्या खाणीतले पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या घरात कामगार बुडून मेले. सिनेमात शेठला इंजिनिअर धोका समजावून सांगतो आणि शेठ खोदकाम चालूच ठेवतो. अमिताभ बच्चन यांनी केलेला नायक एकदा प्रवाशांना बुडत्या जहाजावर सोडून पळालेला कप्तान आहे. ते तोंड लपवायला तो खाणीत उतरला आहे. संकटाच्या वेळी पळालेला माणूस दुसऱ्या संकटात पळत नाही, एवढीच गोष्ट. ती मला पुरते. तक्रार एकच. प्रेम चोप्रांचा शेठ खलनायक म्हणून सोयीचा आहे, पण प्रत्यक्षातल्या खाणीचा कारभार त्यावेळी सरकारने हाती घेतलेला होता. तिथे एक दुष्ट शेठ नव्हता. तिथे कागद होते, सह्या होत्या, अहवाल होते. दोन अधिकाऱ्यांना शिक्षा झाली ती २०१२ साली, आणि तीही एका वर्षाची. फाईलला खलनायक करणे पडद्यावर अवघड असते, हे मान्य.

एक गोष्ट मात्र या साऱ्या सिनेमांतून सुटते. ती म्हणजे पाणी ओसरल्यानंतरचे दिवस. २००१ च्या कच्छच्या भूकंपानंतर आणि २००४ च्या त्सुनामीनंतर मदतछावण्यांत दलितांना वेगळे ठेवले गेले, पाण्याला आणि मदतीला आडकाठी झाली, हे मानवी हक्क संघटनांनी लिहून ठेवले आहे. लाटेने भेद केला नाही. भेद केला तो लाट परतल्यावर तांदळाच्या रांगेने. ही रांग दाखवणारा बिग बजेट सिनेमा माझ्या पाहण्यात नाही. लाट संगणकावर तयार करता येते, रांग मनातून काढावी लागते.

म्हणून माझ्या यादीतले शेवटचे नाव ऐकून सिनेमाचे जाणकार नाक मुरडतील. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट', २०१४. त्यात एकही इमारत पडत नाही. मुंबईत एक सफाई कामगार मॅनहोलमध्ये मेलेला सापडतो आणि आत्महत्येला चिथावणी दिली म्हणून एका वृद्ध शाहिराला पकडतात. शाहिराचे काम वीरा साथीदार यांनी केले होते. 'विद्रोही'चे संपादक, आपल्या चळवळीचा माणूस. २०२१ साली कोरोनाने त्यांना नेले. मॅनहोलमधला एक मृत्यू ही काही आपत्ती नव्हे, असे कोणी म्हणेल. हे मृत्यू एका दिवशी एका ठिकाणी झाले असते तर त्यांना आपत्ती म्हटले असते. ते एकेक करून, वेगवेगळ्या गल्ल्यांत होतात, म्हणून ती आतल्या पानावरची चार ओळींची बातमी ठरते.

कोर्टात त्या कामगाराच्या विधवेची साक्ष होते. आवाज चढत नाही, संगीत वाजत नाही. ती सांगते की तिचा नवरा आत उतरण्याआधी गटारात खडा टाकायचा आणि झुरळ बाहेर येते का ते पाहायचा. झुरळ आले तर आत हवा आहे. हे काम करणारी बाई स्वतः अशाच एका कामगाराची विधवा होती. साक्ष संपल्यावर वकील तिला गाडीतून सोडतो आणि पैसे देऊ करतो. ती घेत नाही. कुठे काही काम असेल तर सांगा, म्हणते.