सतरा सप्टेंबरचं पान

पहाटे ५. हिंगोलीच्या बस स्थानकासमोर अंकांचे गठ्ठे सुटतात. विक्रेते पुरवण्या आत सरकवत असतात, मी माझी बातमी शोधतो. उद्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. जिल्ह्याच्या इतिहासावर अर्धं पान माझ्याकडे आहे.

सकाळी ७. औंढा नागनाथ. उन्हं तिरपी आहेत तोवरच दगडातलं कोरीवकाम फोटोत उठून दिसतं, म्हणून आधी इथे. वर्तमानपत्रात या मंदिराचं शिखर छापलं जातं, पण वरचं बांधकाम नंतरच्या जीर्णोद्धारातलं आहे आणि तो अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडला जातो. यादवकाळ पाहायचा तर नजर खाली आणावी लागते. काळ्या दगडाची भिंत कोनाकोनांनी वळत जाते, तळाशी हत्ती, घोडे, सैनिकांचे थर, त्यांच्यावर देवदेवता. गाभारा जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या अरुंद. जुनं काम संपून नवं जिथे सुरू होतं तो सांधाच मी टिपतो. मंदिर पडलं आणि लोकांनी ते पुन्हा उभं केलं, हे शिखराच्या फोटोत कधीच येत नाही.

सकाळी १०. नर्सी. संत नामदेवांचं हे गाव. विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले ते औंढ्याच्या मंदिरात, अशी परंपरा. म्हणजे सकाळची वास्तू आणि हा माणूस वेगळे काढताच येत नाहीत. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे पंजाबातले भाविकही इथवर येतात. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन पंजाबातल्या घुमानला भरलं, तेही त्यांच्याच नात्याने.

दुपारी १. जिल्हाधिकारी कार्यालय. उद्याच्या ध्वजारोहणाची प्रेसनोट घेतली.

दुपारी ३. वाचनालय. मला सगळ्यात जास्त जागा द्यायची आहे ती इथल्या मजकुराला. निजामाच्या राज्यात सरकारला न रुचणारं मराठी पत्र चालवणं म्हणजे बंदी ओढवून घेणं. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते संस्थानाबाहेरून. बंदी आली की नाव बदलून अंक निघायचा, पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. पुढे अनंत भालेरावांनी हेच पत्र संपादक म्हणून वाढवलं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, त्यामागे सत्याग्रही होते, सशस्त्र कॅम्प होते आणि चोरून हातोहात फिरलेले हे अंकही होते. आज आम्ही तालुक्याच्या गावाहून मोकळेपणी बातमी पाठवतो. ही मोकळीक त्यांनी मिळवून दिली, हे उद्याच्या पानावर यायलाच हवं.

संध्याकाळी ६. डेस्कचा फोन. शुभेच्छांची जाहिरात आली, माझं अर्धं पान पाव झालं. जाहिरातीवरच अंक चालतो, तक्रार नाही. पण काय काढायचं? नामदेव काढताना हात अडतो. तरी उद्याचा दिवस वाघमाऱ्यांचा आहे. सांध्याचा फोटो दोन कॉलम ठेवला, फोटोखालच्या ओळीत दोन्ही काळ लिहिले.

रात्री ९. पान लागलं. नर्सीचा मजकूर मी टाकून दिलेला नाही. नामदेवांचा जन्म कार्तिक शुद्ध एकादशीचा. त्या दिवसाच्या अंकात पूर्ण चार कॉलम डेस्ककडून आजच कबूल करून घेतले.