केमोकाइन ग्राही आणि तीव्र ल्युकेमियाचा प्रसार

केमोकाइन ग्राही ही पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने होत. शरीरात पेशीने कोठे जावे व कोठे थांबावे हे ठरविण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. तीव्र ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात रोगग्रस्त पेशी याच ग्राहींच्या आधारे अस्थिमज्जेत टिकून राहतात आणि अन्य अवयवांत पसरतात.

कार्यपद्धती

केमोकाइन हे ऊतींतून स्रवणारे लहान संदेशवाहक प्रथिन आहे. स्रावाच्या जागी त्याचे प्रमाण अधिक, तर दूर अंतरावर कमी असते. ग्राही हा फरक ओळखतो आणि पेशी अधिक प्रमाणाच्या दिशेने सरकते. मानवी शरीरात असे सुमारे २० ग्राही ज्ञात आहेत.

अस्थिमज्जेतील आश्रय

अस्थिमज्जेतील आधारपेशी सीएक्ससीएल१२ हे केमोकाइन स्रवतात. त्याचा ग्राही सीएक्ससीआर४ हा होय. निरोगी रक्त-मूलपेशींना मज्जेत आणून स्थिरावण्याचे काम प्रामुख्याने ही जोडी करते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या एका बालरुग्णावर अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. ते भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण मानले जाते. या उपचारात दात्याची मज्जा हाडात भरीत नाहीत, तर शिरेवाटे रक्तात सोडतात. तेथून मूलपेशी आपणहून मज्जेत पोहोचतात.

ल्युकेमियाच्या पेशी नेमकी हीच वाट वापरतात. मज्जेतील आधारपेशींच्या सान्निध्यात त्यांना जगण्यास पोषक संदेश मिळतात व काही पेशी औषधांच्या माऱ्यातूनही बचावतात. अशा पेशींमुळे रोग उलटू शकतो. तीव्र मायलॉइड ल्युकेमियात सीएक्ससीआर४चे प्रमाण अधिक असल्यास रोग उलटण्याची शक्यता वाढते, असे अभ्यासांत दिसून आले आहे.

मेंदूकडे प्रसार

तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाच्या पेशी मेंदू व मज्जारज्जूच्या आवरणांत शिरू शकतात. या रोगाच्या टी-पेशी प्रकारात सीसीआर७ हा ग्राही व सीसीएल१९ हे केमोकाइन त्यास कारणीभूत ठरतात, असे २००९ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले. शिरेतून दिलेली अनेक औषधे तेथे पुरेशा प्रमाणात पोहोचत नाहीत. म्हणून मेंदूत रोगाची लक्षणे नसतानाही पाठीच्या कण्यातून औषध देतात. टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८०च्या दशकात वापरात आलेल्या एमसीपी-८४१ या उपचारक्रमात याच मार्गाने मेथोट्रेक्सेट दिले जाई.

उपचारांतील उपयोग व मर्यादा

प्लेरिक्साफॉर हे औषध सीएक्ससीआर४ला अडविते. त्यामुळे मूलपेशी मज्जेतून रक्तात उतरतात. काही रक्तकर्करोगांत प्रत्यारोपणासाठी मूलपेशी गोळा करण्याकरिता त्यास २००८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ल्युकेमियाच्या पेशींना मज्जेतून बाहेर काढून मग रसायनोपचार देण्याचे प्रयोगही झाले आहेत. मात्र निरोगी मूलपेशीही याच ग्राहीवर अवलंबून असल्याने त्याही विस्थापित होतात. निरोगी पेशी सुरक्षित ठेवून केवळ रोगग्रस्त पेशींचा आश्रय मोडणे, हा या संशोधनापुढील मुख्य प्रश्न आहे.