सेन्सर म्हणजे काय? उसाच्या फडापासून वजनकाट्यापर्यंत सेन्सरचे उपयोग

मी भवानीनगरचा. ऊस, कालव्याचं पाणी आणि साखर कारखाना यांभोवतीच आमच्याकडच्या गप्पा फिरतात. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने ऊसशेतीत एआयचा प्रयोग केला, तेव्हापासून या गप्पांत 'सेन्सर' हा शब्दही आलाय. तर आज हा सेन्सर नेमका काय असतो ते पाहू.

सेन्सर म्हणजे काय?

ओलावा, उष्णता, दाब, वजन, प्रकाश अशा गोष्टींत झालेला बदल टिपणारं उपकरण म्हणजे सेन्सर. बहुतेक सेन्सर हा बदल विजेच्या सिग्नलमध्ये आणतात आणि पुढचं सर्किट त्याचा आकडा करून दाखवतं. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद होते, तीही सेन्सरमुळेच.

मातीतला ओलावा कसा कळतो?

आपण मूठभर माती दाबून वाफसा ओळखतो. पण ती वरची माती. खाली मुळांपाशी काय चाललंय ते दिसत नाही. त्यासाठी दोन प्रकारचे सेन्सर जास्त वापरतात.

1. कपॅसिटिव्ह सेन्सर: हा मातीचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक मोजतो. कोरड्या मातीत तो साधारण 3 ते 5 असतो, तर पाण्याचा जवळपास 80. त्यामुळे थोडा ओलावा वाढला तरी आकडा हलतो.
2. टेन्शिओमीटर: पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र मातीचा कप. माती सुकली की पाणी ओढते आणि ती ओढ किलोपास्कलमध्ये दिसते. 0 म्हणजे चिंब माती. आकडा वाढेल तशी माती कोरडी.

सेन्सर दोन खोलींवर लावा: एक साधारण फूटभर, दुसरा दोन फुटांवर. प्रत्येक पाण्यानंतर खालच्या सेन्सरवरही ओलावा वाढत असेल, तर पाणी मुळांखाली जातंय आणि सोबत युरियाही. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात जास्त पाण्याने क्षारपड झालेल्या जमिनी आपण बघतोच.

वजनकाट्यातला सेन्सर

कारखान्याच्या काट्याखाली लोड सेल असतात. ट्रॉलीच्या भाराने धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटवलेली बारीक पट्टी ताणली किंवा दाबली जाते, तिचा विद्युत रोध बदलतो आणि त्यावरून वजन निघतं. 20 टनांच्या खेपेत 1 टक्का फरक म्हणजे 200 किलो ऊस! म्हणूनच वैधमापन विभागाकडून काट्याची पडताळणी लागते.

आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

शेतातल्या सेन्सरची पडताळणी मात्र आपल्यालाच करावी लागते. काळी माती सुकली की भेगा पडतात. सेन्सरभोवती हवा शिरली, तर माती आहे त्यापेक्षा कोरडी दाखवते. दोन उघड्या पिना असलेला स्वस्त सेन्सर खारवट जमिनीत उलटं करतो: क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि ओलावा जास्त दिसतो.

सोपा उपाय: पाणी दिल्यावर वाफसा येईल त्या दिवशीचा आकडा वहीत लिहा. दोन-तीन पाळ्या असं केलं की आपल्या रानाचा वाफशाचा आकडा सापडतो. दुसऱ्याच्या रानातला आकडा आपल्याकडे चालेलच असं नाही.

सेन्सर फक्त मोजतो. पाणी द्यायचं की थांबायचं, हे आपणच ठरवायचं. पण रात्रीच्या लाईटला उठून मोटर चालू करण्याआधी खाली ओल आहे का, एवढं तरी नक्की कळतं.