एअरबॅगचं मॉड्यूल बोलेनासं होतं तेव्हा

गाडीची चावी फिरवली की मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा लागतो आणि बहुतेक गाड्यांत सहाएक सेकंदांनी विझतो. मॉड्यूलने स्वतःची तपासणी केली, सगळं ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. दिवा विझलाच नाही तर यंत्रणेत दोष आहे. मुळात लागलाच नाही तरी दोषच आहे, किंवा कुणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवलाय.

चालकाची एअरबॅग आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, शेजारच्या सीटचीही २०२१ अखेरपर्यंत झाली. त्यामुळे जळगावच्या अजिंठा चौफुलीपासून धुळ्याच्या पारोळा रोडपर्यंतच्या गॅरेजांना ही तक्रार आता नवी नाही. स्कॅनरवर ‘एअरबॅग मॉड्यूलशी संपर्क होत नाही’ असं आलं की पटकन तोंडात येतं, ‘मॉड्यूल गेलं, बदला.’ हा निष्कर्ष खरं तर सगळ्यात शेवटी काढायचा असतो.

आधी रचना पाहू. मॉड्यूल बहुतेक गाड्यांत पुढच्या दोन सीटांच्या मधल्या कन्सोलखाली, फरशीला बोल्टने घट्ट बसवलेलं असतं. एअरबॅगा आणि धडक ओळखणारे सेन्सर यांच्या वायरी थेट त्याच्याकडे येतात. मीटर, इंजिन, दरवाज्यांची कुलुपं यांच्याशी मात्र ते एकमेकींत पिळलेल्या दोन वायरींवरून बोलतं. ही ‘कॅन’ पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जगापुढे आणली. तिचा व्यवहार गावातल्या दवंडीसारखा आहे. संदेश सगळ्यांच्या कानावर पडतो, ज्याच्या कामाचा असेल तो उचलतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे फक्त एअरबॅग नव्हे, सगळी मॉड्यूलं स्कॅन करून कोड लिहून घेणं. कोड ‘बी’ने सुरू होत असेल तर बहुधा दोष एअरबॅगच्या स्वतःच्या वायरींत असतो, स्टेअरिंगमधली गुंडाळी केबल किंवा सीटखालचा पिवळा कपलर. सीटखाली पिशव्या कोंबल्या की तो कपलर सैल होतो. ‘यू’ने सुरू होणारा कोड संपर्काचा. इथे एक फरक ध्यानात घ्यावा. ‘यू ०१५१’ हा कोड इतर मॉड्यूलं नोंदवतात, एअरबॅग मॉड्यूलचा आवाज येत नाही म्हणून. पण एअरबॅग मॉड्यूलच बोलत असेल आणि त्यात ‘यू ०१००’ सापडला, तर हरवलाय तो इंजिनाचा आवाज. तिथे एअरबॅगचं मॉड्यूल खोलून काही हाती लागणार नाही.

आता गप्प कोण कोण आहे ते बघा. स्कॅनर इंजिनाशीही बोलत नसेल तर दोष स्कॅनरच्या सॉकेटमध्ये असू शकतो. त्याच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा करंट आणि ४ व ५ वर अर्थिंग हवं. बरीच मॉड्यूलं गप्प असतील तर सामाईक वायरींवर संशय घ्या. एकटं एअरबॅगच गप्प असेल तर त्याचा फ्यूज, अर्थिंग, त्याच्याकडे जाणारी फांदी आणि शेवटी ते स्वतः, असा क्रम लावा. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतात, हेही विसरू नका.

बॅटरी आधीच मोजावी. उन्हाळ्यात खानदेशातला पारा ४५ अंशांवर जातो आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं. उभ्या गाडीत साडेबारा व्होल्टच्या आसपास हवेत. स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज फार कोसळलं तर मॉड्यूलं क्षणभर गप्प होतात आणि कोड मागे राहतात.

पुढचं माप घेताना इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. मॉड्यूलमध्ये राखीव वीज साठलेली असते, म्हणून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. मग सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमधला रोध मोजा. वायरींच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो, म्हणून मीटरवर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. जुन्या गाड्यांत आणि गेटवे (संदेश पुढे धाडणारं मधलं मॉड्यूल) असलेल्या गाड्यांत हे गणित बदलतं, तिथे वायरिंगचा नकाशा हवाच.

चकवा इथेच आहे. ६० ओहम आले म्हणून वायरिंग निर्दोष ठरत नाही. एअरबॅगचं मॉड्यूल बहुधा टोकाला नसतं, मधल्या फांदीवर असतं. ती फांदी उंदराने कुरतडली तरी मीटर ६०च दाखवणार. म्हणून मॉड्यूलच्या कपलरपर्यंत जावंच लागतं. तिथे करंट येतो का, अर्थिंग आहे का, बोल्ट घट्ट आहेत का, पिना हिरव्या पडल्यात का, हे तपासा. पुढचा गालिचा हाताने दाबून बघा. धुळीने एसीची पाणी सोडणारी नळी तुंबली की पाणी आत गालिच्यात उतरतं आणि कपलरपर्यंत पोचू शकतं.

एक पथ्य मात्र कडक. साधा मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प एअरबॅगच्या वायरींना कधीही लावू नये. एअरबॅग फोडणाऱ्या बारीक दारूला थोडासा करंट पुरतो. एअरबॅगच्या जागी कंपनीने सांगितलेला नकली रोध लावूनच माप घेतात.

एवढं सगळं ठीक निघालं, तरच मॉड्यूलवर ठपका. मॉड्यूल सदोष निघतंही. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने १७,३६२ गाड्या एअरबॅग कंट्रोलर तपासून, गरज असल्यास मोफत बदलून देण्यासाठी परत बोलावल्या होत्या. म्हणून खिशात हात घालण्याआधी चासी नंबर देऊन आपली गाडी अशा यादीत आहे का, ते कंपनीला विचारा. भंगारातलं मॉड्यूल घेऊ नका. त्यात जुन्या अपघाताची नोंद साठलेली असू शकते, आणि नव्या मॉड्यूललाही त्या गाडीसाठी कोडिंग लागतंच.

दुरुस्तीनंतर बॅटरी जोडून पहिल्यांदा इग्निशन चालू करताना गाडीत कुणी बसू नये. दिवा वेळेत विझला की कोड पुसा, खडबडीत रस्त्यावर गाडी फिरवा आणि पुन्हा स्कॅन करा. नुसता कोड पुसणं ही दुरुस्ती नाही. बिल देताना मिस्त्रीला तीनच गोष्टी विचारा: कोड कोणता होता, माप किती आलं, दोष नेमका कुठे सापडला. तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर मॉड्यूल बदलायला होकार देऊ नका.