विशेषणांचा पाठ : आधी वस्तू, मग व्याख्या

‘नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण’ ही व्याख्या वरच्या वर्गातील मुले बिनचूक म्हणून दाखवितात. परंतु त्यांपैकी एखाद्यास स्वतःच्या गोठ्यातील बैलाचे वर्णन करावयास सांगितले, तर ‘बैल चांगला आहे’ यापलीकडे त्याची मजल जात नाही. याचे कारण उघड आहे. विशेषणाची गरज भासण्यापूर्वीच त्याची व्याख्या मुलाच्या हाती दिली जाते. पुढील उपक्रमांस काहीही खर्च येत नाही व एकशिक्षकी शाळेतही ते सहज करता येतात.

१. नेमकी वस्तू मागणे. टेबलावर सहा दगड ठेवावेत : लहान, मोठे, काळे, तांबडे, गुळगुळीत, खरखरीत. एका मुलाने केवळ ‘दगड दे’ असे म्हणावे. कोणता द्यावा, हे दुसऱ्यास कळणार नाही. मग ‘लहान दे’, ‘लहान काळा दे’, ‘लहान, काळा, गुळगुळीत दे’ असे एकेक शब्द वाढवीत जावे. नेमका दगड हाती येईल, त्या क्षणी विशेषणाचे काम मुलांस न सांगता कळलेले असेल. फळ्यावर व्याख्या लिहावयाची ती यानंतर.

२. झाकलेली पिशवी. पिशवीत कापूस, चिंचोका, विटेचा तुकडा, ओल्या मातीचा गोळा असे जिन्नस ठेवावेत. मुलाने न पाहता हाताने चाचपून केवळ गुण सांगावेत व इतरांनी वस्तू ओळखावी. मऊ, टणक, ओलसर, खरखरीत हे शब्द अशा वेळी आपोआप ओठांवर येतात. या तासापुरता ‘चांगला’ हा शब्द वर्ज्य करावा.

३. बदलणारे व न बदलणारे. फळ्यावर तीन रकाने आखून बैल, गाय, वासरू ही नामे लिहावीत व मुलांकडून विशेषणे जोडून घ्यावीत : पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरे वासरू, अनेकवचनी पांढरे बैल, पांढऱ्या गाई, पांढरी वासरे. नंतर ‘लाल’ हा शब्द घ्यावा. तो तिन्ही ठिकाणी तसाच राहतो. कडू, हुशार, सुंदर हेही तसेच. आकारान्त विशेषणे बहुधा नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलतात, हा नियम मुलांनीच शोधून काढावा. त्यापुढील दिवशी ‘पांढऱ्या बैलाला’, ‘पांढऱ्या गाईला’ अशी प्रत्यययुक्त उदाहरणे घ्यावीत.

येथे एक मूल ‘पांढरं वासरू’ असे म्हणेल. त्यास हसू नये वा चूक ठरवू नये. ते घरचे बोलणे आहे. लिहिताना ‘पांढरे’ असे लिहावयाचे, एवढेच सांगावे. घरची भाषा वर्गात अशुद्ध ठरली, की मूल बोलणेच सोडून देते.

४. किती व कितवा. वर्गातील वस्तू मोजून ‘चार खिडक्या’, ‘तिसरा बाक’, ‘थोडे पाणी’, ‘पुष्कळ पाने’ अशी संख्याविशेषणे वेगळी लिहून घ्यावीत.

या सर्व उपक्रमांत एक दक्षता अत्यावश्यक आहे. विशेषणे वस्तूंस, झाडांस, प्राण्यांस लावावीत; वर्गातील मुलांस लावू नयेत. काळा, जाडा, लंगडा हे शब्द सोबत्यास चिकटले, की पाठ संपला तरी नाव मागे उरते, आणि ते पुसण्याचे सामर्थ्य कोणत्याही फळपुशीत नाही. मुलांविषयी बोलणे ओघाने आलेच, तर कष्टाळू, प्रेमळ, धीट अशा शब्दांची निवड शिक्षकांनी स्वतः करावी.

अधिक जिज्ञासा असणाऱ्या शिक्षकांनी मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) अवश्य चाळावे. मात्र त्यातील भेदोपभेद मुलांवर लादू नयेत.

पाठाची परीक्षा व्याख्या विचारून घेऊ नये. शाळेच्या आवारातील एका झाडाचे वर्णन पाच ओळींत लिहावयास द्यावे. ते वाचून दुसऱ्या मुलास नेमके झाड ओळखता आले, तर पाठ साधला असे समजावे.